माळ उतरल्यावर

कार्तिकात पणिक्कर टायरवाल्याने
ह्यांच्या गळ्यात शबरीमलाची माळ घातली.
तेव्हापासून काळी लुंगी, अनवाणी पाय,
पहाटे चारला पिंपातलं गार पाणी डोक्यावर,
आणि तोंडात एकच शब्द, स्वामी.

दूधवाला स्वामी. विजेचं बिल टाकणारा स्वामी.
गटारावरून ज्याला कोर्टात खेचणार होते
तो शेजारचा बाबू कांबळी, तोही स्वामी.
कुत्र्याला हाड म्हणता म्हणता जीभ चावली,
म्हणाले, "सरका, स्वामी."

बायकांसाठी वेगळा शब्द आहे म्हणे, मालिकापुरम.
ह्यांची राजापुरी जीभ त्यावर तीनदा घसरली,
मग मीही स्वामी.
सतरा वर्षं मी "ए" होते,
पाहुण्यांसमोर "अगं".

आमचं भांडुप म्हणजे डोंगरच.
नळ खाली, घर वर,
मधे एकशे चौदा पायऱ्या.
मोजल्यात मी, हंड्यासकट.
तिसऱ्या आठवड्यात मागून आवाज आला,
"द्या, स्वामी."
हंडा त्यांच्या खांद्यावर गेला
आणि रिकामे हात कुठे ठेवायचे
ते मला कळेना.

महिन्याच्या चार दिवसांत मी खालच्या सुमतीकडे.
तिच्या ओट्यावरून आमची खिडकी दिसायची,
आत समई.
त्या डोंगरावर मला मनाई,
आणि ह्याही.

निघायच्या रात्री नारळाचा डोळा फोडला,
पाणी काढलं,
मी कढवलेलं तूप ह्यांनी आत ओतलं,
वर बूच घट्ट.
माझं जाणं तेवढंच.
तिथे म्हणे तूप देवाच्या अंगावर,
आणि करवंटी आगीत.
करवंटी म्हणजे देह, पणिक्कर सांगत होता.
मी विचारलं, आणि तूप कढवणारी?
तो मल्याळममध्ये हसला.

आले परत.
डब्यात काळा, चिकट, गोड प्रसाद.
पणिक्करने माळ उतरवली,
ह्यांनी दाढी केली, पँट चढवली,
संध्याकाळी गटार तुंबलं
आणि बाबू कांबळीची आई-बहीण साऱ्या चाळीने ऐकली.

आज सकाळी सत्तराव्या पायरीवर मी टेकले.
वर दारात हे, दात घासत.
"ए, चहा टाक."
मी हंडा सावरला. म्हटलं,
"टाकते, स्वामी."

ब्रश तोंडातच राहिला.
मग चपला न घालता
दोन पायऱ्या उतरले.
दोनच.
त्याही मी मोजल्या.