वाइनीचे कल्ले

कुडाळच्या दुकानात मी मिटलेली छत्री धरून उभी होते.
पाऊस नव्हता, एप्रिलचं ऊन होतं,
पण हातात काहीतरी हवं होतं.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मामी, कोणासाठी?"
"पाहुण्यांसाठी" म्हटलं असतं तर खपलं असतं,
भोगव्यात आमच्या दोन खोल्या भाड्याने जातात.
तोंडातून निघालं, "मला."
मागे उभे दोघे
एकदम छताचा पंखा बघायला लागले.

त्याने तीन मांडल्या. लाल, पांढरी,
आणि एक गुलाबी, साखरेच्या भरवशावर खपणारी.
लालच्या पाठीवर बारीक अक्षरं:
ओकचं लाकूड, ब्लॅकबेरी, तंबाखूची झाक.
ओक मी पाहिलेला नाही.
ब्लॅकबेरीही नाही.
तंबाखू पाहिलीय, सासऱ्यांच्या चंचीत,
ती प्यायला पैसे कोण मोजेल?

मासळीत मला कोणी फसवत नाही.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर सुरमईचे कल्ले उचलते,
डोळा बघते, पोटावर बोट दाबून
खळगा भरून येतो का ते बघते.
भाव नंतर.
बाटलीला कल्ले नाहीत.
उजेडाला धरली तर आत काळोख
आणि काळोखाच्या काठाला जांभळट रेघ.
"महाग ती चांगली, मामी."
टोपलीवरची बाई हेच बोलते
तेव्हा मी पुढच्या टोपलीकडे सरकते.

मधल्या किमतीची लाल घेतली.
कारण सांगू? लेबलावर गलबत होतं,
निशाण एकीकडे उडतंय, शीड भलतीकडे फुगलंय.
चितारणारा कधी समुद्रावर गेला नसणार.
मीही कधी द्राक्षाच्या मळ्यात गेले नव्हते.
एसटीत ती मांडीवर होती,
कांद्यांच्या खाली, बाळासारखी आडवी.

रेमेदिना म्हणाली, फ्रिजात नको, मरतली.
नाताळला भरणीत जांभळाची मुरवणारी ती,
तिचं ऐकावं लागतं.
कळशीत घालून विहिरीत सोडली, तासभर.
बूच काढायचं हत्यार नव्हतं.
आत्मारामने इंजिनाच्या डब्यातून स्क्रू आणला, पक्कड आणली,
दोन शिव्या घातल्या,
अर्धं बूच वर आलं, अर्धं आत पडलं
आणि तिथेच तरंगत राहिलं.

कोकमाच्या सरबताचे ग्लास.
"गिळू नको गो, तोंडात फिरव,
आमटीचा मीठ बघतंस तसा."
पहिला घोट नुसता तुरट,
हिरवी सुपारी चावल्यासारखा.
दुसऱ्यात करवंद,
काळं नव्हे, अर्धं लाल, बोटाला चीक लागतो ते.
मग लोखंड. गंजल्या नांगराला जीभ लावावी तसं
(लहानपणी लावलीय मी).
"माका नुसता आंबाट लागता," रेमेदिना म्हणाली
आणि ग्लास पुढे केला.

बांगड्याच्या तिखल्याशी तिचं पटलं नाही,
तिरफळाने तिला कडू करून टाकलं.
ओल्या काजूच्या उसळीबरोबर मात्र
तिचा आवाज खाली आला, मऊ झाला.
हे कुठल्या लेबलावर लिहिलेलं नव्हतं.

शेवटी घशाशी काहीतरी राहायचं,
गोडसर, कोरडं, ओळखीचं.
नाव येईना.
दुकानाच्या बिलामागे लिहून ठेवलं:
करवंद. लोखंड. आणि एक कोण ते.

रात्री भांडी घासताना आठवलं.
आमच्या होडीची दुरुस्ती चालली होती तेव्हा
सुताराने आयनीची फळी रंधली,
त्या भुशावर मी दुपारभर बसले होते, नवी नवरी,
घरात जायला लाजत.
ओक म्हणजे असंच काही असेल
तर त्याची माझी ओळख जुनी आहे.

बाटली खिडकीत ठेवलीय, रिकामी.
बुचाचा तुकडा अजून आत.
वारा पश्चिमेचा आहे,
शीड अजून भलतीकडेच.
पुढच्या वेळी पांढरी बघेन.