बहात्तर

पाषाणच्या आमच्या प्रयोगशाळेत नियम एकच:
साबणावर काम करणाऱ्यानं
काचेला साबण लावायचा नाही.

कामठेमामा भांडी आम्लात बुडवतात,
सात पाण्यांनी विसळतात,
उजेडाकडे धरतात, "बघा म्याडम,
पाण्याचा पडदा कुठं फाटलाय का?"

आज सुईच्या टोकाला नुसत्या पाण्याचा थेंब.
बहात्तर यायला हवं.
एकसष्ट.
पुन्हा एकसष्ट.

मामांवर चिडले.
ते बोलले नाहीत. विसळत राहिले.

मग बोटांना वास आला:
सकाळी वेणी घालताना लागलेलं खोबरेल.

केवढंसं ते!
पाण्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसलं,
एक पाय आत, एक बाहेर,
आणि थेंबाचा ताठा उतरला.

माझा अजून तसाच.
"मामा," म्हटलं,
पुढचं जिभेच्या टोकाला लोंबतंय.