उरलेले निम्मे

कुताइसीत, नदीवरच्या पुलाच्या अलीकडे,
जिन्याखालच्या खोलीत मी शब्द विकते.
दारूच्या बाटलीवरची चार वाक्यं,
खानावळीचं मेन्यूकार्ड,
भाड्याच्या खोल्यांची जाहिरात
(‘नदीचा देखावा’, म्हणजे मान फार वाकवली तर),
लग्नात प्याला उचलून म्हणायची भाषणं,
आणि थडग्यांवरच्या ओळी.

शेजारी नुगझार. जोडे दुरुस्त करतो.
त्यानं मला धंदा शिकवला, मी विचारलं नव्हतं तरी,
ओठांत खिळे धरून.

त्या वर्षी हॉटेलवाल्या मुर्मानच्या मुलीच्या लग्नाची
सात भाषणं लिहिली होती मी.
सातवं ऐकून आजोबा रडले म्हणे.
पैसे? ‘द्राक्षं उतरली की देतो.’
द्राक्षं उतरली, रांजणात भरली, जमिनीत पुरली,
नवी दारू पिऊनही झाली.
त्याचं दार आलं की मी रस्ता ओलांडायची,
जणू देणं माझंच आहे.

नुगझारनं फळीवरचा धुळकट जोड दाखवला.
‘हा वकिलाचा. चार वर्षं झाली.
माझी मजुरी त्याच्या टाचेत अडकलीय,
पण त्याची टाच माझ्याकडे आहे.
तुझं तसं आहे का?
शब्द एकदा कुणाच्या ओठाला लागला
की फळीवर परत ठेवता येत नाही.
म्हणून निम्मे आधी.’
मी म्हटलं, आगाऊ पैसे मागायचे म्हणजे...
‘आगाऊपणा मुर्माननं केला.
तू फक्त आगाऊ माग.’

मग एकेक नियम, खिळा ठोकावा तसा.
काही वाकडे गेले.
भाव सांगितलास की गप्प बस,
बोललीस तर स्वतःच कमी करशील.
दुरुस्ती दोनदा. तिसरीला दहा लारी.
घाई आहे म्हणणाऱ्याला विचार, कुणाला?
बहिणीला फुकट लिही, पण पावती फाड,
शून्याची का होईना;
किती फुकट गेलं ते तुला तरी कळेल.
कराचे पैसे वेगळ्या डब्यात,
आणि डबा बायकोकडे.
तुला बायको नाही. मग माझीकडे दे.

दिला. एतेरीकडे, चहाचा रिकामा डबा.
जानेवारीत गॅसचं बिल आलं तेव्हा मागायला गेले.
‘हे सरकारचे आहेत,’ ती म्हणाली,
‘तुला सूप देते, कोबीचं. बस.’

पहिल्यांदा ‘दोनशे लारी’ म्हणून गप्प बसले
तेव्हा समोरची बाई आणि मी
घड्याळाची टिकटिक मोजत होतो.
तेविसाव्या टिकेला तिनं पर्स उघडली.
सगळ्यांनी नाही उघडली.
वसंतात तीन गिऱ्हाइकं गेली,
महिनाभर पाव आणि कांदा.
हे का नाही सांगितलंस, नुगझारला विचारलं.
‘सांगितलं असतं, तर मागितले असतेस?’

गेल्या मंगळवारी तो आला, एप्रन काढून.
टेबलावर पंचवीस लारी ठेवले.
‘निम्मे. दगडावरच्या ओळी. एतेरीसाठी.’
मी खुर्चीचा हात धरला.
‘आहे अजून. स्वयंपाकघरात शिव्या देतेय.
डॉक्टरनं सांगितलेलं आकड्यांत आहे, तिला आकडे कळतात.
ओळी आधी स्वतः वाचायच्या म्हणते,
माझ्यावर भरवसा नाही.’

पहिला मसुदा परत आला: ‘मी गोड नव्हते.’
दुसरा: ‘नवऱ्याचं नाव बारीक अक्षरात.’
तिसरा, वर दहाची नोट टाचलेली.
त्यानंतर काही आलं नाही. पटलं असावं.

वहीत नोंद आहे:
एतेरी, ओळी तीन, पोचल्या.
बाकी पंचवीस, कोरून झाल्यावर.

मुर्मानच्या दारात मी आता दर सोमवारी उभी राहते,
गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं रक्कम सांगून.
ही एक बाकी मात्र
थकेल तितकी थकू दे.