कच्चा कत्था

सकाळी नवाच्या आत माझ्या टेबलावर
दहा-पंधरा डब्या येऊन बसतात.
आइस्क्रीमचे कप, गोळ्यांच्या बाटल्या,
एकदा तर कुंकवाचा करंडा,
झाकणाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी:
'काळी शेळी, वाडी, तीन दिवसांपासून.'

मी काडीच्या टोकाने घेते, मिठाच्या पाण्यात घोळते,
काचेवर ठेवून डोळा लावते.
जंताची अंडी तरंगून वर आलेली, लिंबाच्या आकाराची.
वासराचं पांढरं, चुन्याच्या निवळीसारखं:
दूध पोटात टिकत नाही.
म्हशीच्या शेणाचा पडल्यापडल्या पो व्हावा, मधे खळगा.
ढीग झाला तर पाणी कमी पडतंय,
पसरलं तर ढेप जास्त होतेय.
गोरेवाड्याहून कधी बिबट्याची विष्ठा येते,
केसांची वळकटी, आत कुत्र्याचं नख.
जनावर खोटं बोलत नाही.
म्हणजे बोलतच नाही.
जे सांगायचं ते मागून सांगतं.

आणि माझा बाप
मेडिकलच्या वार्डात, खिडकीजवळच्या खाटेवर.
आतड्याला पडलेला पीळ सोडवला,
बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके. आज चौथा दिवस.
डॉक्टर पोटाला नळी लावून ऐकतो,
शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तसा.
'वारा सरला का, बाबा?'
बाप पंख्याकडे पाहतो.
मी विचारलं तर चादर नाकापर्यंत.
"बापाले असं इचारत असते का वं पोरी?"

नाव त्याचं उरकुडा.
आधीची दोन भावंडं गेली, म्हणून याला
नाळ कापल्याबरोबर दाईनं सुपात घातलं
आणि उकिरड्यावर लोळवून आणलं.
मरण नाक दाबून परत जाईल, हा हिशेब.
मरण गेलं. शाळेतली पोरं गेली नाहीत.
तेव्हापासून हा माणूस राखेनं हात घासतो, तीनदा.
आणि पोटापाण्याला काय मिळालं,
तर गोळीबार चौकात सूत रंगवायचं काम.
चाळीस वर्षं नखं निळी, नाहीतर शेंदरी.
हात कधी स्वच्छ दिसले नाहीत,
कधी मळकेही नव्हते.

रात्री कूलरच्या पाण्याचा शेवाळलेला वास.
बाहेर अजून फरशी तापलेली.
झोप त्याला नाही, मला नाही.
म्हणून सांगितलं काटोलकडच्या बैलाचं.
प्लास्टिकच्या पन्न्या खाल्ल्या होत्या, पाच दिवस शेण बंद.
मालक, फत्तूजी ढोक, रात्रभर त्याच्या शेपटीमागे बसलेला,
मोबाइलची बत्ती धरून.
पहाटे धप्प झालं.
म्हाताऱ्यानं गरम शेण ओंजळीत घेतलं,
हुंगलं, आणि अंगणात ओरडत सुटला:
"टाकलं! अवो टाकलं!"
सून दार उघडून म्हणते,
"नातू झाला का कोणाले?"

बापाचं पोट हललं.
"टाके दुखते वं. हसवू नोको."
मग बराच वेळ काही नाही.
मग, पंख्याकडेच पाहत,
"त्या बैलाचा रंग कसा होता?"
"पांढरा."
"बैलाचा नाही इचारत."

पहाटे त्यानं वार्डबॉयला हाक मारली, मला बाहेर घालवलं.
पडदा ओढला.
मी व्हरांड्यात उभी. चहावाल्याची किटली वाजत गेली.
कडुनिंबाखाली एक कुत्री गोल गोल फिरली,
पाठ वाकवली, मोकळी झाली,
आणि मागच्या पायांनी माती उडवून
वळूनही न पाहता गेली.
मला तिचा इतका हेवा वाटला.

"पोरी."
मी आत.
"लिहून घे."
आवाज तोच, कारखान्यात रंगाची ऑर्डर सांगायचा तो.
"पहिले काळं, गोळी-गोळी, जुनं.
मंग कच्चा कत्था.
कडेले हळदीची झाक.
लाल नाही. धागाभर बी लाल नाही.
मी नीट पाह्यलं."

औषधाच्या बिलामागे लिहिलं, शब्द न बदलता.
वर लिहिलं: उरकुडा, खिडकीजवळ, चार दिवसांपासून.

"आता हात धू," म्हणाला.
मी कशालाच हात लावला नव्हता.
तरी धुतले. तीनदा.