चीक

केळीच्या चिकाचे डाग धुऊन जात नाहीत
हे सावद्यात पोरासोरांनाही ठाऊक.
म्हणून तळहातावर तांबूस ठिपके उठले
तेव्हा मी रॉकेल चोळलं,
मग लिंबू,
मग फैजपूरच्या मेडिकलवरची खाजेची ट्यूब, पंचेचाळीस रुपयांची.
खाज मुळात नव्हतीच.
आई म्हणाली, उष्णता आहे, सब्जा घे.
मुकादम म्हणाला, हातमोजे घाल, माल परदेशी जाणाराय.

नथ्थूने हात ओढला तो चहाच्या टपरीवर.
एका हातात बशी, दुसऱ्यात माझा पंजा,
ज्योतिषी धरतो तसा तिने तो उन्हात धरला.
तळवे दाखव पायाचे, म्हणाली.
भर रस्त्यात मी चप्पल काढली.
'हाऊ चीक नही शे, भो.'
पुढचं ऐकू आलं नाही,
ट्रक गेला मधून.

नथ्थू हे नाव तिच्या मायनेच ठेवलेलं.
आधीची तीन पोरं सटवाईने नेली,
चौथ्याचं नाक टोचलं :
मरणाला वाटावं मुलगी आहे, पुढच्या दाराला जावं.
मरण फसलं.
मुलगी मात्र नाकात राहून गेली.
'मायने सांगितलं तेच मी खरं धरलं,' ती म्हणते,
'बाकीच्यांनी खोटं धरलं, त्याला मी काय करू?'
आता संस्थेची बॅग खांद्याला लावून
ती पुलाखाली, वखारींमागे, निंभोऱ्याच्या रस्त्याला फिरते,
निरोधची पाकिटं मोजून देते, सही घेते.
नाकातला खडा नवा आहे. भोक तेच.

जळगावचं सिव्हिल, खोली नंबर बारा.
बाहेर बाकावर आम्ही दोघं,
आणि अख्खा जिल्हा दारावरची पाटी वाचत जाणारा.
आतल्या बाईंनी विचारलं, संबंध कोणाशी?
मी म्हणालो, लग्न नाही झालेलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
'ते नाही विचारलं मी.'
माझ्यासाठी पेन खाली ठेवणारं माणूस
मी पहिल्यांदा बघितलं.

एकास बत्तीस.
बाजारभावासारखा आकडा.
रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, आणि लगेच सांगितलं, बरा होतो.
मला नाव तेवढं ऐकू आलं.
एचआयव्ही नाही, तरी तीन महिन्यांनी परत या.
सिस्टरने पांढऱ्या पुडीत पाणी सोडलं,
बाटली दोन तळव्यांत घोळवली.
दाट, दुधट,
फणी कापल्यावर दांड्यातून ठिबकतो ना,
अगदी तसा.
दोन्ही बाजूंना एकेक.
परतीच्या एसटीत जागा होती, मी उभाच आलो.
नथ्थू हसली नाही. म्हणजे भुसावळपर्यंत नाही.

मग फोन.
ज्यांना सांगायचं त्यांची नावंच नव्हती माझ्याकडे.
'बऱ्हाणपूर ट्रक', 'जिम', 'वजनकाटा' एवढेच होते.
ट्रकचा नंबर बंद.
जिमने आईवरून शिवी दिली, मग विचारलं कुठे जायचं.
वजनकाट्याला हळद लागायला अकरा दिवस.
पत्रिका आमच्या घरी आलेली, गणपतीपाशी ठेवलेली,
आई विचारत होती आहेर काय करायचा.
तीन रात्री नंबर काढला आणि ठेवला.
'त्या पोरीला कोणी विचारलंय का?'
नथ्थू एवढंच बोलली आणि बशी धुवायला उठली.

सांगितलं एकदाचं, एका दमात,
वजन, भाव, घट, सगळं सांगतात तसं.
तो म्हणाला, राँग नंबर.
त्याच्या मागे काट्यावर गाडी चढल्याचा आवाज येत होता,
तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

पाचव्या दिवशी, रात्री साडेबाराला :
सुई लई दुखते का?

ठिपके फिकटलेत. चिकाचे डाग आहेत तसेच.
दुखते, लिहिलं.
खोली बारा, नऊ ते एक, रविवारी बंद, लिहिलं.
नथ्थूचा नंबर दिला.
आणखी एक ओळ लिहिली, खोडली.
तिकडे तो काहीतरी टाइप करत होता,
थांबत होता,
पुन्हा करत होता.