सॉस तिच्या कढईत

सुपरमार्केटच्या टोकाला, टॉयलेट पेपरच्या रांगेपलीकडे
एक दार आहे, आपोआप न उघडणारं.
ढकलावं लागतं.
आत थंडी जरा जास्त, बोलणं जरा कमी.
तराजूमागचा रोमेल ओळखीचं हसतो,
खांद्याचा तुकडा तोडतो, चरबीसकट,
दोन पिशव्यांत घालून गाठ मारतो
आणि टॅक्सीत मी ती पायाशी ठेवते,
जसं काही त्यात चपला आहेत.

गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटात दोन कढया.
काळी माझी, बाल्कनीत खिळ्याला टांगलेली,
स्टीलची शाहिस्ताची, ओट्यावर.
घासण्याही दोन, हिरवी आणि पिवळी.
चार वर्षांत यावर आम्ही एकदाही बोललो नाही.
ती दाभोळची, मी वसईची,
ती लॅबमध्ये, मी हाडांच्या वॉर्डात,
भांडण झालंच तर एसीच्या आकड्यावरून.

कृती मिळाली बेड नंबर अकराकडून.
लिआंग. बंदरावरच्या क्रेनचा फिटर,
टाच मोडलेली, इंग्रजी दहा-बारा शब्दांचं.
उकडलेल्या कोंबडीचं ताट बाजूला सारून
त्याने एक्सरेच्या पाकिटावर बाटली काढली,
साखरेचा डोंगर काढला,
अननस काढलं, तुऱ्यासकट,
डुक्कर काढलं, शेपटीला तीन वळसे,
आणि कढई. एक नव्हे, दोन.
नाव विचारलं तर पोटावर हात ठेवून म्हणाला, गू-लू.
पोटात गुडगुडतं ते? की आवंढा गिळतो तो?
दोन्हींना त्याने मान डोलावली.

शुक्रवारी शाहिस्ताची नाइट ड्यूटी,
रोस्टरवर तरी तसं होतं.
मी खिडक्या उघडल्या. ऑगस्टची दमट हवा
ओल्या टॉवेलसारखी आत आली.
तुकडे मिठात, मिऱ्यात, अंड्यात घोळवले,
कॉर्नफ्लॉवरमध्ये लोळवले,
बोटं सुजल्यासारखी जाड झाली
आणि दारात किल्ली फिरली.

ती उंबऱ्यात, एक चप्पल पायात, एक हातात.
मी ओट्याशी, दोन्ही हात पांढरे.
तेल तापून बोलायला लागलेलं.
तिने टेबलावरचं पाकीट उचललं,
उजेडाकडे धरलं, एक्सरे वाचतात तसं.
'दोन कढया काढल्यात याने.'
म्हटलं, दोनदा तळायचं असेल.
'असेल,' ती म्हणाली,
'किंवा एक तुझी, एक माझी.
ब्रिजिदा, सॉस माझ्यात कर.
चाखायला कोणीतरी नको का?'

मग सिरका. हा शब्द तिच्याही घरचा, माझ्याही.
साखर, केचप, मीठ, अननसाचा रस.
ती चमचा चाटून म्हणे, अजून आंबट.
मी म्हणे, अजून गोड.
आमच्या इंद्यालात आई शेवटी साखर टाकते,
कोणी बघत नाही असं बघून.
'आमची खाला कैरीत गूळ टाकते,' ती म्हणाली,
'पण इतका नाही गं, बाई, इतका नाही.'
ईशाची अजान झाली, ती आत गेली.
मी गॅस बारीक केला, पंखा मोठा,
आणि तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने
अजून एक चमचा साखर.

परत आली तेव्हा तिने फ्लॉवर तळला,
स्वतःच्या तेलात, स्वतःच्या झाऱ्याने.
अर्धा सॉस त्यावर.
उरलेला तिनेच ओतला माझ्या काळ्या कढईत,
वीतभर उंचावरून,
धार लाल, जाड, न थरथरता,
कढईला कढई न लागू देता.
सिमला मिरची अजून करकरीत होती.
आम्ही जेवलो. फारसं बोललो नाही.
एसी चोवीसवर होता, दोघींनाही चालणाऱ्या.

शनिवारी डबा घेऊन वॉर्डात गेले,
तर बेड अकरावर दुसरीच टाच.
लिआंगला कंपनीने सकाळीच नेलं,
कुठे, ते फाइलमध्ये नव्हतं.
डबा परत लिफ्टमध्ये. झाकणातून वास.
दुसऱ्या मजल्यावर शाहिस्ता आत आली,
रक्ताच्या नळ्यांचा ट्रे सांभाळत.
डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.
'मी आत गेले तेव्हा,' म्हणाली,
'साखर टाकलीस ना.'