शिल्लक पॉइंट

घणसोलीच्या हॉलमध्ये रविवारी लिलाव.
पंखे सहा, वारा फक्त पहिल्या रांगेतल्या मालकांना.
मी तिसऱ्या टेबलावर वही आणि पेन्सिल घेऊन:
संघ गोठिवली, खेळाडू बारा,
पॉइंट पन्नास हजार.
पॉइंट म्हणजे पैसे नाहीत,
आयोजकांनी माइकवर दोनदा सांगितलं.
म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

चिंतामण शेटला सिक्सरवाला हवा होता.
"पब्लिक शिक्सर बगाला येतं," शेट म्हणाला,
"बॉलिंग बगाला कोन येतं?
बॉलरची आई पन येत नाय."
आणि पाटी वर केली ती खाली आणलीच नाही.
उरणचा आयकॉन पंचवीस हजाराला आपला.
बाहेर कोणीतरी माळ लावली.
मी वहीचं अर्धं पान खोडलं.

मला गणित वाटणीने शिकवलं.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट
बापाने चार भावांत आणि रुसलेल्या एका आत्यात वाटला
तेव्हा फुटांचे भागाकार मी केले, सातवीत.
पहिला घास मोठा घेणारा
शेवटी ताट चाटतो,
एवढं त्या उन्हाळ्यात समजलं.

शेटच्या कानाशी लागलो:
मॅच पाच ओव्हरची.
तीस चेंडू ते टाकणार, तीस आपण.
आपले तीस आयकॉन टाकणार नाही.
शेटने भजी पुढे सरकवली.
"तू बग मंग," म्हणाला, आणि फोन घ्यायला बाहेर गेला.

उरले पंचवीस हजार, माणसं अकरा.
मी बाजारात उभ्या बाईसारखा घेत गेलो,
पापलेटकडे न बघता, बोंबील, मांदेली,
दिवाळ्याचा तो जाडा विकेटकीपर, ज्याला कोणी हात लावत नव्हतं,
एक यॉर्करवाला, एक स्लो टाकणारा शाळामास्तर.

चार वाजता वहीत सोळाशे, जागा एक.

आता खरी गोष्ट.
तळवलीच्या नाल्यामागे, हाय टेन्शनच्या तारांखाली
एक पोरगा रंगाच्या रिकाम्या डब्याला चेंडू मारतो.
हितांशू मढवी, सतरा वर्षं, डावरा.
हात कानाला घासून येतो
आणि चेंडू सुटताना मनगट दिसतच नाही,
फक्त डबा वाजतो.
पाच संध्याकाळी मी बघून आलो.
यंदा तो मार खाईल.
पुढच्या वर्षीही थोडा.
पण आम्ही आगरातली माणसं,
खाडीचं पाणी कोंडीत घ्यायचं आणि थांबायचं;
मीठ हाका मारून येत नाही.

तो पोरगा मला दाखवला रोहिदासने.
रोहिदास भोईर, अकरा वर्षं गोठिवलीचा पहिला ओव्हर.
आता शर्ट घालताना बायको बाही धरते.
लिलावात त्याचंही नाव होतं,
बेस प्राइस पाचशे,
यादीत पोराच्या बरोबर खाली.

पोराचं नाव आलं. पाचशे.
कोपरीवाल्यांनी सहाशे म्हटलं, गंमत म्हणून.
मी आठशे.
मग त्यांना वास लागला. हजार. बाराशे.
पंधराशे म्हटलं त्यांनी तेव्हा
मी मागे वळून बघितलं नाही.
सोळाशे.
वहीत शून्य लिहिलं, गोल जमला नाही.

"रोहिदास भोईर. एक वार."
पंख्याचा आवाज.
"दोन वार."
कोणीतरी खुर्ची सरकवली, पण ती नुसतीच सरकवली.
अनसोल्ड.

तो चहाचे दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी आला,
डाव्या हातात दोन्ही.
"पोऱ्या घेतलास ना?"
घेतला.
"रोज तीसच चेंडू टाकू दे त्याला.
मी साठ टाकायचो. कोनी मोजलेच नाय."

पेन त्याच्याच खिशातून मागून घेतलं
आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
तीस.